डिसेंबरातलं बुडापेस्ट: चारच्या आत अंधार, आणि पायाखाली उकळतं पाणी

बुडापेस्टला हिवाळ्यात जायचं तर थंडीच्या आधी उजेडाचं गणित मांडावं. डिसेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. हातात जेमतेम साडेआठ तासांचा दिवस येतो, आणि तोही बऱ्याचदा राखाडी ढगाखालचा. उन्हाळ्यातल्या सहलीसारखं सकाळी रेंगाळून दुपारी बाहेर पडलं, तर शहर बघायच्या आधीच दिवस संपलेला असतो. उघड्यावरचं सगळं सकाळी नऊ ते साडेतीनमध्ये बसवलं आणि अंधारानंतर बाजार, संगीत व गरम पाण्याचे हौद ठेवले, की हेच शहर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त खुलतं. पूर्ण अंधारात, वाफेत, दिव्यांखाली बघावं असं फार काही या शहराकडे आहे.

मुक्काम गुरुवार ते सोमवार असा ठेवला होता, त्याला कारण आहे. मोठी मंडई रविवारी बंद, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. या तीन बंद दिवसांभोवती आखणी केली तर एकही दिवस वाया जात नाही. तारखा निवडताना २४ डिसेंबर सांभाळा. त्या दिवशी दुपारनंतर दुकानं बंद होत जातात आणि चारच्या आसपास ट्राम-बसही थांबायला लागतात. रात्री थोड्या ठरावीक गाड्या चालतात, तेवढंच. २५ आणि २६ला सुटी असते. नाताळच्या बाजारासाठी जायचं असेल तर डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत सोयीचा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. निकालाला नियमाने पंधरा दिवस धरले तरी डिसेंबरसाठी भेटीची वेळच मिळायला उशीर होतो, म्हणून ऑक्टोबर उजाडायच्या आत अर्ज टाकलेला बरा. मुंबईहून थेट विमान नाही, आखातात किंवा युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. आता शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत आली आहे. वाटेत एखाद्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल तर हे सोपस्कार तिथेच होतात, म्हणून दोन विमानांमध्ये तास-दीड तासाचं अंतर ठेवू नका, ते अपुरं पडतं.

गुरुवार: विमानतळ ते बॅसिलिकाचा चौक

विमानतळावरून शहराच्या मध्यात थेट येणारी बस म्हणजे १००ई. ती देआक चौकात सोडते आणि एम१, एम२, एम३ या तिन्ही मेट्रो तिथेच एकमेकींना भेटतात. या बसचं तिकीट वेगळं असतं. साधं तिकीट किंवा २४, ७२ तासांचा पास तिच्यात चालत नाही. पास आधीच काढला असेल आणि पैसे वाचवायचे असतील तर २००ई घेऊन एम३च्या शेवटच्या स्थानकापर्यंत यावं आणि पुढे मेट्रो धरावी. सामान जास्त असेल तर मात्र १००ईच.

शहरात फिरायला ७२ तासांचा पास सर्वांत निवांत. सुटी तिकिटं घेतली तर प्रत्येक वेळी ती यंत्रात छापून घ्यावी लागतात, आणि मेट्रोची ही यंत्रं सरकत्या जिन्याच्या आधी असतात, खाली फलाटावर नसतात. परदेशी पाहुणे बहुतेक इथेच अडकतात: तिकीट खिशात असतं, पण कोरं. तपासनीस दंडावर दंडपट्टी लावून जिन्याच्या तोंडाशीच उभे असतात आणि कोरं तिकीट म्हणजे विनातिकीट, याबाबत ते कोणाचं ऐकत नाहीत.

पैशांबाबत दोन गोष्टी. चलन फोरिंट, साधारण चार फोरिंटला एक रुपया असा हिशेब मनात ठेवला की पुरतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. पण पैसे काढताना किंवा देताना यंत्र 'तुमच्या चलनात द्यायचे का' असं विचारतं, तेव्हा नेहमी फोरिंटच निवडा. दुसरा पर्याय घेतला की यंत्रवाल्याचा स्वतःचा दर लागतो आणि तो महागच असतो.

साडेतीनला चौकात पोचलो तेव्हा आभाळ विझायला लागलं होतं. सेंट स्टीफन बॅसिलिकासमोरचा नाताळचा बाजार बघायची ही नेमकी वेळ. अंधार पडला की बॅसिलिकाच्या दर्शनी भिंतीवर ठरावीक अंतराने प्रकाशाचा खेळ होतो. समोर उभं राहून वर बघितलं की बुरुज, खांब, मूर्ती सगळंच हलायला लागतं. झाडाभोवती लहान मुलांसाठी बर्फावर स्केटिंगचं छोटं मैदान असतं. या चर्चच्या बांधकामाला १८५१ साली सुरुवात झाली, १८६८मध्ये घुमट कोसळला आणि पुरं व्हायला १९०५ उजाडलं. आतमध्ये हंगेरीचा पहिला राजा सेंट स्टीफन याचा उजवा हात जपून ठेवलेला आहे.

इथे खायचं ते लांगोश. यीस्टने फुगवलेलं पीठ हाताने ताणून थाळीएवढं करतात, मध्ये पातळ, कडेला जाड, आणि तळतात. वर लसणाचं पाणी ब्रशने लावायचं, मग आंबट सायीसारखं तेयफोल आणि किसलेलं चीज. गरम आहे तोवर खावं. थंडीत पाच मिनिटांत ते चामट होतं. शाकाहारी मंडळींनी तळण तेलाचं की चरबीचं हे आधी विचारून घ्यावं. दोन्ही प्रकार चालतात. 'हूश नेल्क्यूल', म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ असले तर गाड्यावरची बाई स्वतःहून बोट दाखवून काय चालेल ते सांगते.

गोडात कुर्तोशकलाच. पिठाची लांब पट्टी लाकडी लाटण्यावर गुंडाळतात, साखरेत घोळवतात आणि निखाऱ्यांवर फिरवत भाजतात. साखर वितळून बाहेरून काचेसारखा कडक थर येतो. विजेच्या भट्टीतला आणि कोळशावरचा यांत फरक कळतो, म्हणून धूर दिसेल तिथली रांग धरा. टोकापासून सोडवत पट्टी उलगडून खायची. पिशवीत बांधून नेला तर आतल्या वाफेने साखर ओली होते आणि सगळी मजा जाते. पिठात अंडं असतं, ते ध्यानात असू द्या. गरम मसालेदार वाइन किंवा चहा घेतला तर पेल्याचे पैसे अनामत घेतात. पेला परत दिला की ते मिळतात.

शुक्रवार: सेचेन्यीचे हौद आणि तळ्यावरचा बर्फ

सकाळी उणे तीन होतं आणि वारा पडलेला. उघड्यावरच्या गरम पाण्याला याहून चांगलं हवामान नाही.

वारोशलिगेत या बागेतल्या सेचेन्यी स्नानगृहाकडे एम१ जाते. ही मेट्रो २ मे १८९६ रोजी सुरू झाली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. मग्यार, म्हणजे आजच्या हंगेरियन लोकांचे पूर्वज, या प्रदेशात आल्याला हजार वर्षं झाली म्हणून त्या वर्षी बागेत मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथवर गर्दी न्यायला ती आंद्राशी रस्त्याखालून काढली. रस्ता खणून, वर छत टाकून केलेली असल्याने ती जमिनीखाली जेमतेम काही पायऱ्यांवर आहे. डबे बुटके, पिवळे, लेदरच्या कड्या लटकणारे. या मार्गावर दोन फसगती हमखास होतात. एक म्हणजे बहुतेक स्थानकांत दोन्ही दिशांच्या फलाटांना रस्त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळे जिने आहेत आणि आतून ओलांडता येत नाही. चुकीच्या बाजूने उतरलं तर पुन्हा वर येऊन रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून जिन्यावरच्या पाटीवरचं शेवटच्या स्थानकाचं नाव वाचूनच पाय ठेवा. दुसरी, 'व्हरश्मार्ती तेर' आणि 'व्हरश्मार्ती उत्सा' ही दोन वेगळी स्थानकं याच मार्गावर आहेत. नाताळचा बाजार पहिल्याला.

सेचेन्यी १९१३चं. पिवळ्या रंगाची, राजवाड्यासारखी इमारत, सगळे मिळून अठरा हौद, त्यांतले तीन मोठे उघड्यावर. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी सातला उघडतं आणि सात ते साडेनऊ हीच खरी वेळ. पर्यटकांचे जथे दहानंतर येतात आणि शनिवार-रविवारी, सणासुदीला दरही चढतात.

गरम पाण्याची कुंडं आपल्याला नवी नाहीत. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इथे मात्र त्याच निसर्गाच्या देण्याभोवती सबंध शहराची दिनचर्या उभी राहिली आहे. पाणी येतं ते असं: बुडाच्या बाजूला, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पश्चिम काठाला, चुनखडीच्या आणि डोलोमाइटच्या टेकड्या आहेत. त्यांत मुरलेलं पावसाचं पाणी खोल जातं, तापतं आणि डॅन्यूबच्या काठाने गेलेल्या भेगेतून वर येतं. या खोऱ्याखाली पृथ्वीचं कवच पातळ असल्याने उष्णता वरपर्यंत पोचते. बुडात झरे आपोआप फुटतात. पेश्तची, म्हणजे पूर्वेकडची, बाजू मात्र जाड चिकणमातीने झाकलेली, तिथे खोदावं लागलं. व्हिल्मोश झिगमोंदी या अभियंत्याने १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षं बागेत विहीर खणली. ९७० मीटरवर ७४ अंशांचं पाणी लागलं. पुढे १९३८मध्ये त्याहून खोल दुसरी विहीर झाली. शेजारच्या प्राणिसंग्रहालयालाही हे औष्णिक पाणी मिळतं आणि तिथल्या पाणघोड्यांना ते चांगलंच मानवलं आहे.

आत शिरताना काय लागतं ते नीट सांगायला हवं, कारण हिवाळ्यात एकेक वस्तू महत्त्वाची ठरते. पोहण्याचे कपडे, टॉवेल, रबरी चपला, ओले कपडे ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी आणि केसांसाठी लोकरीची कानटोपी. चपला विसरू नयेत: इमारतीतून बाहेरच्या हौदापर्यंत वीसेक पावलं गोठलेल्या दगडावरून जावं लागतं आणि दगड ओला असतो. टॉवेल हौदाच्या कडेच्या खुंटीवर टांगता येतो, पण उणे तापमानात तो अर्ध्या तासात ताठ होतो. आंघोळीचा झगा असेल तर उत्तम. मधला हौद पोहण्याचा, तिथे पोहण्याची टोपी सक्तीची आहे. नसेल तर शिट्टी वाजवून बाहेर काढतात. तिकीट घेताना कपाट की स्वतंत्र कोठडी असा पर्याय येतो. जोडप्याने एकच कोठडी घेतली आणि दुसऱ्याला कपाटाचं तिकीट काढलं तरी भागतं. मनगटावरच्या पट्ट्याने दार उघडतं. पट्ट्यावर दाराचा क्रमांक छापलेला नसतो, तो लक्षात ठेवा. चांदीचे दागिने खोलीवरच ठेवा, पाण्यातल्या गंधकाने काळे पडतात. लहान मुलांसाठी वयाची अट आहे, तिकिटाआधी ती वाचून घ्या.

साधारण ३८ अंशांच्या हौदात उतरलं की आधी डोळ्यांसमोर काही दिसतच नाही. वाफेची भिंत असते. मग हळूहळू माणसं उमटायला लागतात. कडेच्या दगडी ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून छातीएवढ्या पाण्यात उभे असलेले म्हातारे हे या हौदाचे खरे मालक. त्यांच्या भुवयांवर दव गोठलेलं, खांदे लाल, आणि नजर पटावर. भोवती चारपाच जण उभे राहून डाव बघतात, कोणी सल्ला देत नाही. खेळायचं असेल तर एखादा डाव संपेपर्यंत थांबून मान हलवावी. भाषा लागत नाही.

वीस मिनिटं पाण्यात, दहा मिनिटं बाहेर आतल्या बाकावर, असा फेरा ठेवावा. एका दमात तासभर बसलं की उठताना चक्कर येते, कारण उष्णतेने रक्तदाब उतरतो. पाणी पीत राहा. निघताना केस पूर्ण कोरडे करा. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा लागतो, कारण केस वाळवायच्या यंत्रांपुढे रांग असते.

बाहेर पडल्यावर दोनेक तास आणि एक पोटभर जेवण मध्ये जाऊ द्यावं. आठवड्याच्या दिवसांत दुपारी छोट्या खानावळींत 'नापी मेन्यू' मिळतो, म्हणजे त्या दिवसाचं सूप आणि एक मुख्य पदार्थ, ठरलेल्या कमी दरात. शनिवार-रविवारी तो बहुतेक ठिकाणी नसतो. गुयाश इथे दाट रस्सा नसून मांस-बटाट्याचं पातळ सूप असतं. आपण बाहेरच्या देशांत जे गुलाश म्हणून खातो ते इथल्या पर्केल्टच्या जवळचं. शाकाहाऱ्यांसाठी फोझेलेक सर्वांत भरवशाचं: भोपळा, मटार, मसूर किंवा पालक शिजवून आंबट सायीने वा पिठाने दाट केलेली भाजी. वर मांसाचा तुकडा ठेवतात, तो नको म्हणून सांगायचं. तूरोश चुसा हा पनीरसारख्या दह्याच्या चक्क्याबरोबरचा शेवयांचा प्रकार छान लागतो, पण वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, ते वगळायला सांगावं.

अंधारल्यावर बागेतल्या तळ्याकडे. हे तळं हिवाळ्यात स्केटिंगचं मैदान होतं. १८७०पासूनची ही परंपरा आहे आणि उघड्यावरच्या मैदानांत हे युरोपातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या मैदानांपैकी एक. मागे वायदाहुन्याद किल्ला. १८९६च्या प्रदर्शनासाठी तो आधी लाकूड-पुठ्ठ्याचा उभारला होता. लोकांना इतका आवडला की पुढे तसाच दगडात बांधला. दुपारी बर्फ नीट करायला मैदान बंद असतं, म्हणून सकाळचं किंवा संध्याकाळचं सत्र असंच जावं लागतं. संध्याकाळी रोषणाई असते आणि गर्दीही. भाड्याचे बूट अनामत ठेवून मिळतात. नेहमीच्या मापाचा, घोट्याला घट्ट बसणारा बूट घ्या. जाड दोन मोजे घालून एक माप मोठा घेतला की घोटा आत हलतो आणि तोल तिथेच जातो. हातमोजे सगळ्यांनीच घालावेत, पडल्यावर हात बर्फावरच टेकतो.

शनिवार: मंडई, मुकुट आणि काठावरचे बूट

शनिवारी मंडई लवकर बंद होते, म्हणून सकाळचे पहिले दोन तास तिला द्यावेत. १८९७ची ही इमारत शामू पेत्स यांची, वर झोल्नोई या कारखान्याच्या रंगीत कौलांचं छप्पर. तळमजल्यावर गावातली गिऱ्हाइकं असतात, वरच्या मजल्यावर पर्यटक. पेपरिका खाली घ्या, आणि शोभेच्या कापडी थैलीतली नको. ती बहुतेकदा जुनी असते. बंद पाकीट, त्यावर सेगेद किंवा कालोचा हे गाव आणि कापणीचं वर्ष बघून घ्यावं. 'एदेशनेमेश' म्हणजे गोड, रंगासाठीची, आणि 'चिपोश' म्हणजे तिखट. आपल्या जिभेला तिखटही मवाळच लागते. रंग मात्र बेडगीच्या तोडीचा. याच सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ग्योर्जी यांनी पेपरिकापासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळं केलं. १९३७चं नोबेल त्यांना मिळालं. पूड गरम तेलात टाकून परतू नका, लगेच जळून कडू होते. भांडं आचेवरून उतरवून पूड घालायची आणि लगेच पाणी, ही रीत इथल्या विक्रेत्या बायका हाताने करून दाखवतात.

मंडईजवळून २ क्रमांकाची ट्राम डॅन्यूबच्या काठाने संसदेपर्यंत जाते. डाव्या खिडकीची जागा पकडली की सबंध बुडा समोरून सरकत जातं. डिसेंबरात काही ट्रामना डोक्यापासून चाकांपर्यंत दिव्यांच्या माळा लावतात आणि त्या संध्याकाळी याच मार्गावर दिसतात.

संसदेचं तिकीट आठवडा-दोन आठवडे आधी जालावरून काढावं, दाराशी मिळेलच असं नाही. युरोपीय संघाबाहेरच्या लोकांना ते जवळपास दुप्पट पडतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वस्त प्रकार निवडू नये, दाराशी ओळखपत्र विचारतात. उत्तर टोकाला जमिनीखाली प्रवेश आहे. तपासणीसाठी वीस मिनिटं आधी पोचा. इम्रे श्टाइन्डल यांची ही वास्तू २६८ मीटर लांब, आत ६९१ खोल्या आणि सजावटीला सुमारे ४० किलो सोनं. उंची ९६ मीटर, मुख्य जिन्याच्या पायऱ्याही ९६, कारण मग्यार इथे आले ते ८९६ साली. बॅसिलिकाचीही उंची तेवढीच आहे. घुमटाखाली सेंट स्टीफनचा मुकुट आहे, वरचा क्रूस एका बाजूला कललेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत फोर्ट नॉक्समध्ये ठेवला होता आणि १९७८मध्ये परत आला. घुमटाच्या दालनात फोटोला सक्त मनाई आहे. सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत खिडक्यांशी पितळी खाचा दिसतील, प्रत्येकीवर क्रमांक. सदस्य आत जाताना आपला पेटता सिगार त्यात ठेवून जात.

फेरी पाऊण तासाची. बाहेर पडून नदीकाठाने दक्षिणेकडे पाच मिनिटं चाललं की काठाच्या अगदी कडेला लोखंडी बूट दिसतात. साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. १९४४-४५च्या हिवाळ्यात 'अॅरो क्रॉस' या हंगेरियन नाझी पक्षाच्या लोकांनी ज्यूंना याच काठावर आणलं, बूट काढायला लावले, कारण बूट विकता येत, आणि गोळ्या घालून नदीत ढकललं. जान तोगाय यांच्या कल्पनेतून शिल्पकार द्युला पाउएर यांनी हे स्मारक २००५मध्ये केलं. त्या दिवशी बुटांत बर्फाचा भुगा साचला होता आणि कुणीतरी प्रत्येक लहान बुटात एकेक खायची गोड गोळी ठेवली होती. इथे हिवाळ्यातच यावं. नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की त्या माणसांना अनवाणी उभं केलं म्हणजे काय केलं, ते अंगाला कळतं.

पुढे साखळी पूल, १८४९चा. त्याआधी बुडा आणि पेश्तमध्ये होड्यांचा पूल असे आणि बर्फ वाहायला लागला की हिवाळ्यात तो काढून ठेवावा लागे. १८२०च्या डिसेंबरात इश्तवान सेचेन्यी हा उमराव वडिलांच्या निधनाची बातमी कळल्यावर निघाला आणि पलीकडे जाता येईना म्हणून कित्येक दिवस काठावर अडकून पडला. कायमचा पूल व्हावा हा ध्यास त्यातून आला. दोन्ही शहरं आणि शेजारचं ओबुडा १८७३मध्ये एक झाली. पूल आता खाजगी मोटारींना बंद आहे, त्यामुळे चालत ओलांडायला शांत.

रात्री ऑपेरा. १८८४ची मिक्लोश इब्ल यांची इमारत, डिसेंबरात 'नटक्रॅकर' बॅले ठरलेला. तिकिटं शरद ऋतूतच संपत येतात. वरच्या सज्जातली स्वस्त असतात, पण बाजूच्या जागांवरून रंगमंचाचा काही भाग कापला जातो, मधल्या घ्या. ओव्हरकोट आत नेता येत नाही, कोटघरात द्यावाच लागतो. म्हणून आतमध्ये अंगावर नीटस कपडे हवेत आणि प्रयोगानंतर कोटाच्या रांगेसाठी पंधरा मिनिटं.

रविवार: धुक्याच्या वर

रविवारी शहरात नदीचा पलीकडचा काठही दिसत नव्हता. अशा दिवशी बहुतेक पाहुणे कॉफीघरात शिरतात. त्यांनी टेकडीवर जावं. वारा नसला की थंड जड हवा खोऱ्यात साचते, धुकं तिच्यातच अडकतं, आणि चारपाचशे मीटरवर ऊन असण्याची बरीच शक्यता असते. निघण्याआधी यानोश टेकडीवरचा जालावरचा कॅमेरा बघून खात्री करून घ्या.

न्युगति स्थानकाजवळून २९१ क्रमांकाची बस झुगलिगेतला सोडते. तिथून लिबेगो, म्हणजे दोन जणांच्या उघड्या खुर्च्यांचा रोपवे, किलोमीटरभर लांब. वर जायला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि पाय अधांतरी असतात, म्हणून हा दिवसातला सर्वांत थंड वेळ. गळपट्टा नाकापर्यंत ओढा. अर्ध्या वाटेवर झाडांच्या फांद्यांवर धुकं गोठून पांढरे काटे आलेले होते. त्याच्या वर एकाएकी निळं आभाळ आणि खाली धुक्याचं सपाट पांढरं पठार. ५२७ मीटरचा हा माथा बुडापेस्टमधला सर्वांत उंच. वर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दगडी मनोरा आहे.

उतरताना मुलांची रेल्वे. अकरा किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग, १९४८पासूनचा. इंजिन मोठी माणसं चालवतात, बाकी तिकीट देणं, तपासणं, सिग्नल, हे सगळं दहा ते चौदा वर्षांची मुलंमुली करतात. गाडी निघताना फलाटावरचा मुलगा ताठ उभा राहून सलाम ठोकतो, आणि डब्यातली मुलगी तिकिटाला चिमटा लावताना जराही हसत नाही. हे काम मिळवायला अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते, तो अभिमान चेहऱ्यावर दिसतो. हिवाळ्यात सोमवारी ही गाडी नसते आणि फेऱ्या कमी असतात. आधी वेळापत्रक बघून मगच लिबेगोत बसा, नाहीतर फलाटावर तासभर गारठायची पाळी येते. खालच्या शेवटच्या स्थानकावरून ६१ क्रमांकाची ट्राम सेल काल्मान चौकात आणते आणि तिथून १६ क्रमांकाची बस बुडाच्या किल्ल्याच्या टेकडीवर.

मत्याश चर्च रविवारी प्रार्थनेमुळे दुपारनंतरच पाहुण्यांना उघडतं, त्यामुळे हा क्रम बरोबर बसतो. कोळ्यांचा बुरूज तिथेच. त्याचे सात मनोरे मग्यारांच्या सात टोळ्यांचे. वरच्या मजल्याचं तिकीट नाही काढलं तरी खालच्या कमानींतून तेच दृश्य दिसतं. १८२७पासूनचं रुसवुर्म हे छोटंसं मिठाईघर चर्चजवळ आहे. जागा मोजक्या, साडेतीनच्या आत गेलं तर बूड टेकायला मिळतं. क्रेमेश ही क्रीमची पेस्ट्री किंवा दोबोश टोर्ट हा थरांचा केक घ्यावा. दोबोश १८८५मध्ये योझेफ दोबोश यांनी प्रदर्शनात मांडला होता. वरचा जळक्या साखरेचा थर असा कडक की काट्याने फोडावा लागतो. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं का ते बघा. असेल तर वेगळी बक्षिसी द्यायची नाही.

टेकडीच्या पायऱ्या नदीकडे उतरल्या की सिलाद्यी देझो चौक लागतो. मंडई बांधणाऱ्या शामू पेत्स यांचंच रंगीत कौलांचं चर्च इथे आहे. आणि याच चौकात ३० जानेवारी १९१३ रोजी अमृता शेर-गिल जन्मली. आई हंगेरियन, वडील पंजाबी. आठ वर्षांची होईपर्यंत ती हंगेरीतच वाढली. पुढे १९३६मध्ये तिने अजिंठा पाहिला आणि तिच्या चित्रांची वाट बदलली. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७मध्ये 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. मुंबईच्या आणि अजिंठ्याच्या माणसाने या चौकात दहा मिनिटं थांबावंच. समोर नदी, पलीकडे उजळलेली संसद. संसदेचं सर्वांत पूर्ण दर्शन याच काठावरून होतं, आणि पाच वाजता पर्यटक वर बुरुजावर असल्याने इथे निवांतपणा असतो.

चौकातूनच १९ किंवा ४१ क्रमांकाची ट्राम रुदाशला नेते. तुर्की राजवटीतलं, सोळाव्या शतकातलं स्नानगृह. आठ खांबांवर पेललेला घुमट, त्यात रंगीत काचांची छोटी भोकं, खाली अष्टकोनी हौद ३६ अंशांचा आणि चार कोपऱ्यांत चार लहान हौद, त्यांतला सर्वांत गरम ४२चा. त्या ४२च्या हौदात दोन-तीन मिनिटंच. या तुर्की भागात आठवड्याचे काही वार पुरुषांचे, मंगळवार बायकांचा आणि शनिवार-रविवारी सगळ्यांना एकत्र प्रवेश असतो. जोडप्यांनी आणि कुटुंबांनी म्हणून रविवार धरावा. गच्चीवरचा गरम हौद नव्या भागात आहे, त्यासाठी दोन्ही भागांचं मिळून तिकीट लागतं. मानेपर्यंत गरम पाणी, डोक्यावर उणे तापमान, समोर पुलांचे दिवे. सेचेन्यी की रुदाश, एकच निवडायचं असेल तर सकाळ मोकळी असणाऱ्याने सेचेन्यी आणि संध्याकाळ मोकळी असणाऱ्याने रुदाश घ्यावं. गेलेर्टचं प्रसिद्ध स्नानगृह मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, जुन्या माहितीवर विसंबून तिथे जाऊ नका.

सोमवार: दोहान्य रस्ता आणि परत

संग्रहालयं बंद, पण सिनेगॉग उघडं. १८५९मध्ये पुरं झालेलं दोहान्य रस्त्यावरचं हे सिनेगॉग युरोपातलं सर्वांत मोठं, सुमारे तीन हजार जणांना बसता येईल एवढं. हिवाळ्यात शुक्रवारी ते लवकर बंद होतं, कारण सूर्यास्ताला सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी दाराशी मिळते. तिकिटात इंग्रजी वाटाड्याची फेरी धरलेली असते, ती जरूर घ्या. अंगणात दफनभूमी आहे. ज्यू रिवाजात प्रार्थनास्थळाशेजारी दफन करत नाहीत. पण १९४४-४५च्या हिवाळ्यात वेढ्यातल्या घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, भुकेने आणि थंडीने मेलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांना दुसरी जागाच नव्हती. १८ जानेवारी १९४५ला घेट्टो मुक्त झाला. मागच्या बाजूला इम्रे वोर्गो यांचं धातूचं विलो झाड आहे, पानापानावर नावं कोरलेलं.

दुपारी गल्लीतल्या खानावळीत सोमवारचा नापी मेन्यू, मसुराचं फोझेलेक, आणि मग देआक चौकातून १००ई. चौकात दोन रांगा असतात, एक तिकीट घ्यायची आणि एक बसची. तिकीट फोनवर आधीच काढलं तर फक्त दुसरीत उभं राहावं लागतं. डिसेंबरात विमानांवरचं बर्फ उतरवण्यात वेळ जातो, त्यामुळे पुढच्या जोडविमानासाठी अंतर जरा सढळ ठेवा.

पेपरिकाची पूड हातातल्या सामानात चालते. पण ट्यूबमधला पेपरिकाचा लगदा द्रवात मोजतात, १०० मिलीच्या वरची ट्यूब तपासणीत काढून टाकली जाऊ शकते. ती सकाळीच मोठ्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवावी. अजून ओले असलेले पोहण्याचे कपडेही त्याच जाड पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत टाका, पण पेपरिकाच्या पाकिटांपासून लांब. दमट हवेत पूड दोन दिवसांत गोळा धरते.